चौथ्या फरशीवरचं टेबल

नासारिया : पाय खाली ठेव, वहिनी. त्या कोपऱ्यातली माणसं जेवण सोडून तुझ्याकडे बघायला लागलीत.

दोमितिला : बघू देत. मी नाही ठेवणार पाय.

नासारिया : अगं, काच जाड आहे. बैल उभा केला तरी तडकायची नाही, दारातला तो माणूस म्हणाला ना?

दोमितिला : काच फुटेल म्हणून घाबरतेय का मी? खाली बघ. एकदा नीट बघ.

नासारिया : बघितलं. दारूच्या बाटल्या आहेत. आडव्या निजवलेल्या.

दोमितिला : आणि माती कुठे आहे?

नासारिया : वहिनी...

दोमितिला : हा डावीकडचा तिसरा खांब. खांबापासून भिंतीकडे मोज. एक, दोन, तीन, चार. कोपरा उडालेली चौथी फरशी. डोळे बांधले तरी दाखवीन मी ती कुठे होती. आता तिथे काच आहे, आणि काचेखाली ही एवढी खोली खणलीय. माझं बाळ होतं तिथे, नासारिया.

नासारिया : हळू बोल.

दोमितिला : अठ्ठावन्न वर्षं होतं. मामंजींनी आपल्या हातांनी ठेवलं होतं. तुझ्या बापानं.

नासारिया : माझा बाप कोण ते मला माहितीय. पाणी पी. मी मारिबेलला परोपरीनं सांगितलं होतं, आजीला ऐंशी पूर्ण होताहेत तर गरम शाल दे, चपला दे, एखादी अंडी देणारी कोंबडी दे. पोरीनं तिकडे पुएब्ला शहरात बसून फोनवरूनच इथलं जेवण सांगून टाकलं. म्हणे, आजीला त्या चर्चमध्येच जेवायचंय.

दोमितिला : मीच सांगितलं तिला. हेच टेबल माग म्हणूनही मीच सांगितलं.

नासारिया : मला न विचारता?

दोमितिला : तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. पंचवीस वर्षं दाराला कुलूप होतं. भूकंपात घुमट चिरला आणि ज्यांच्या मळ्यातलं हे चर्च त्या मालकांनी चावी फिरवली, तेव्हापासून मी बाहेरून दारावर हात ठेवून परत येतेय. मालकांच्या नातवानं हॉटेलवाल्यांना विकलं, रंग लागला, दिवे लागले. म्हटलं, लागू देत. दार तर उघडेल! वर टेबलं मांडतील, माणसं जेवतील, खालच्या मातीला कशाला कोण हात लावतंय? असं वाटलं मला. किती मूर्ख बाई मी.

नासारिया : आला बघ तो. पाय खाली. फडकं मांडीवर घे. असं नाही, उलगडून.

एवारिस्तो : शुभ दुपार, सेन्योरा. मी एवारिस्तो. आजच्या आपल्या प्रवासात मी आपला सोबती असेन.

नासारिया : प्रवास? आम्ही जेवायला आलोय बाबा. दोन बस बदलून आलो, तेवढा प्रवास पुरे झाला.

एवारिस्तो : आमचे मुख्य आचारी जेवणाला प्रवास म्हणतात. सात थांबे आहेत. हा पहिला. याचं नाव, पावसाची वाट पाहणारा मका.

नासारिया : कुठे आहे?

एवारिस्तो : आपल्यासमोर, सेन्योरा. दगडावर. तो फेस.

नासारिया : हा होय! मला वाटलं, दगड धुताना साबण राहिला.

दोमितिला : हे किती खोल आहे?

एवारिस्तो : तळघर? सव्वाचार मीटर. बाराशे बाटल्या मावतात. या काचेवरच्या टेबलासाठी लोक महिना महिना थांबतात. आपण भाग्यवान...

दोमितिला : माती कुठे टाकली?

एवारिस्तो : माफ करा, काय म्हणालात?

दोमितिला : खणताना माती निघाली असेल ना. ती कुठे गेली?

एवारिस्तो : ट्रक भरून नेली, सेन्योरा. नवा महामार्ग होत होता, त्याच्या भरावाला गेली असं ऐकलं. एक विनंती करू? फेस विरायच्या आत चमचा लावावा. तीन मिनिटांत तो राहत नाही.

नासारिया : आमच्याकडे मक्याचं काही तीन मिनिटांत विरत नाही. पोटात जाऊन दोन दिवस राहतं. जा तू, खातो आम्ही.

दोमितिला : महामार्गाला.

नासारिया : खा.

दोमितिला : ऐकलंस ना? महामार्गाच्या भरावाला. म्हणजे माझ्या बाळावरून ट्रक जाताहेत. दिवसरात्र. उसाचे, सिमेंटचे, डुकरांचे. आणि मी परवाच त्या रस्त्यानं दवाखान्यात गेले. खिडकीत बसून संत्रं सोललं मी, नासारिया. संत्रं सोलत त्याच्यावरून गेले.

नासारिया : काहीतरी बोलू नकोस. एवढा थोरला रस्ता, एवढी माती. कुठली कुठे पडली, कुणाला ठाऊक.

दोमितिला : तेच तर म्हणतेय मी! कुठे पडली, कुणाला ठाऊक?

नासारिया : चमचा धर. नुसता धर तरी. तो पलीकडून बघतोय.

दोमितिला : लग्नात उभी होते ना इथे, तेव्हा घाबरले नव्हते इतकी. मला एकच भीती होती गं. मरायची नाही. मेल्यावर ते मला कुठे सापडेल, याची. बाप्तिस्मा झाला नाही, नाव नाही, त्याला हाक मारायची कशी? म्हणून जागा पक्की हवी होती. तीस ऑक्टोबरला, तसली मेलेली बाळं घरी येतात त्या दिवशी, मी दारात पाण्याचा पेला ठेवायचे. दुपारी बाराला. आत जाता येत नव्हतं, तर मनात म्हणायचे, बाळा, फरशीखालून सरळ दाराकडे ये, वीस पावलं आहेत, मध्ये कुठे वळू नकोस. नव्या पाद्रीबाबांनी सांगितलं, असल्या बाळांची वेगळी जागा बिगा काही नसते, ती देवाकडेच असतात.

नासारिया : मग? तो शिकलेला माणूस आहे.

दोमितिला : तो तीस वर्षांचा आहे. जुन्या पाद्रीनं तर दारातूनच हाकललं होतं ना? पाणी शिंपडलेलं नाही, पवित्र जमिनीत पुरायचं नाही, डुकरांच्या कुंपणापलीकडे न्या, असं म्हणाला तो मामंजींना. त्याच्या चर्चची घंटा जन्मभर मामंजींनी वाजवली, मेणबत्त्या त्यांनी खरवडल्या, आणि त्यांच्या नातवंडाला कुंपणापलीकडे!

नासारिया : त्या सुईणीनं घोटभर पाणी डोक्यावर ओतून चार शब्द म्हटले असते, तर हे काही झालंच नसतं. तेवढं कुणालाही करता येतं. श्वास नव्हता म्हणाली ती, मग काय ओतणार.

दोमितिला : मला तर काहीच ठाऊक नाही. तीन दिवस तापात होते. शुद्धीवर आले तर पाळण्याची दोरी सोडलेली. मामंजी पलंगाशी बसले होते. म्हणाले, पोरी, रडू नकोस, मी त्याला आपल्या चर्चमध्ये, मारियामातेच्या कोनाड्यासमोर ठेवलंय. तिसरा खांब, चौथी फरशी. पाद्रीला कळलेलं नाही. कोपरा उडालाय तिचा, लगेच ओळखशील.

नासारिया : कोनाड्यात आता काकड्या ठेवल्यात. मीठ लावलेल्या. बरणीत.

दोमितिला : तुला चेष्टा सुचतेय?

नासारिया : मला काही सुचत नाहीये, वहिनी. तोंड बंद ठेवलं तर दात वाजतील, म्हणून बोलतेय.

दोमितिला : तुझे कशाला वाजतील?

नासारिया : थंडी आहे इथे. दगडी भिंती.

एवारिस्तो : दुसरा थांबा, सेन्योरा. आजीच्या चुलीची आठवण. आमचा खास मोले. मी झाकण उचलतो, आपण डोळे मिटून फक्त श्वास घ्यावा.

दोमितिला : हे काय? हा धूर कसला?

एवारिस्तो : धूप आहे. अस्सल, डोंगरातला. काचेच्या झाकणाखाली कोंडून आणतो आम्ही. या वास्तूच्या भूतकाळाला...

दोमितिला : बंद करा. झाका ते. झाका!

एवारिस्तो : सेन्योरा, काही चुकलं का?

नासारिया : धुरानं तिला खोकला होतो. ने ते झाकण. आणि हे काय वाढलंस? सात थेंब. लिहिताना कुणी पेन झटकलं का ताटावर?

एवारिस्तो : मोलेचे थेंब आहेत, सेन्योरा. सात मिरच्यांचे सात.

नासारिया : अरे, मोले म्हणजे तीस जिन्नस, दोन दिवस वाटण, आणि ताटात मनगट बुडेल इतका रस्सा. लग्नात आम्ही बायका पिंप भरून करायचो. पाहुणा घरी जाताना सदऱ्यावर डाग नसेल, तर यजमानाची अब्रू जायची. थांब. इकडे बघ जरा. हे नाक मी कुठेतरी पाहिलंय. तू कुणाचा रे?

एवारिस्तो : मी... मी राजधानीत शिकलो, सेन्योरा.

नासारिया : नाक राजधानीत शिकत नाही. वीटभट्टीवरच्या सेनोबियोचा तू कोण?

एवारिस्तो : नातू. आईकडून.

नासारिया : मग मघापासून असा पाद्रीसारखा काय बोलतोयस? सेनोबियोच्या घरात एक वाक्य शिवीशिवाय पुरं व्हायचं नाही.

एवारिस्तो : हळू, मावशी. व्यवस्थापक ऐकतील. इथे असंच बोलायला शिकवतात. आठ दिवस आरशासमोर उभं केलं होतं मला.

दोमितिला : बाळ, तू आपल्यातला आहेस. मग मला खरं सांग. हे खणलं तेव्हा तू होतास?

एवारिस्तो : होतो. हॉटेल उघडायच्या आधीपासून आहे मी इथे. टेबलं मीच उतरवून घेतली.

दोमितिला : काही निघालं का खालून?

एवारिस्तो : मावशी, जेवताना...

दोमितिला : मी काही जेवत नाहीये. बघ, ताट जसंच्या तसं आहे. हाडं निघाली का?

एवारिस्तो : पाहुण्यांना सांगायचं नाही, अशी ताकीद आहे.

नासारिया : तर मग नको सांगू. ताकीद ती ताकीद. जा, पुढचा थांबा आण.

दोमितिला : नासारिया, गप्प बस! सांग तू.

एवारिस्तो : दोन माणसांची निघाली. जुनी, मालकांच्या घराण्यातली असणार. एकाच्या पायात बूट होता, चांदीच्या बक्कलाचा. सरकारी माणसं आली, खोक्यात भरून घेऊन गेली. चार महिने काम बंद होतं.

दोमितिला : आणि लहान?

एवारिस्तो : लहान म्हणजे?

दोमितिला : लहान. एवढंसं. मेणबत्त्यांच्या खोक्यात मावेल एवढं.

एवारिस्तो : नाही, मावशी. तसलं काही नव्हतं. दोन्ही मोठी माणसं.

दोमितिला : नव्हतं म्हणजे दिसलं नाही. अठ्ठावन्न वर्षांत राहणार काय? बोटाएवढाली हाडं. फावड्यात आली असतील आणि ट्रकमध्ये गेली असतील.

एवारिस्तो : गवंडी आपल्या गावचेच होते. आधी क्रूस रोवला त्यांनी, कागदी फुलं बांधली, दारूचे चार थेंब जमिनीला दिले, मग कुदळ लावली. हातांनी चाळत होते माती.

दोमितिला : क्रूस रोवला? म्हणजे त्यांना कळलं होतं. कुणीतरी आहे खाली, हे कळलं होतं त्यांना.

नासारिया : गवंडी कोंबड्यांचं खुराडं बांधायचं असलं तरी क्रूस रोवतात, वहिनी. त्याचं काय घेऊन बसलीस?

एवारिस्तो : तुम्हाला एवढं वाटतंय तर... गोडाच्या आधी आम्ही पाहुण्यांना तळघर दाखवतो. एका बाजूची भिंत तशीच कच्ची ठेवलीय. माती दिसावी म्हणून. वरून दिवा सोडलाय.

दोमितिला : माती आहे? अजून आहे?

एवारिस्तो : हातभर रुंदीची पट्टी आहे.

दोमितिला : मी येते. आत्ता येते.

एवारिस्तो : आधी एवढा एक थांबा होऊ द्या, मावशी. वाळवलेल्या मांसाची एक चकती आहे. मुख्य आचारी मोजून पाठवतात, परत गेली तर मला बोलतात.

नासारिया : एक चकती! जा, आण.

दोमितिला : हा रुमाल पुरेल ना? मूठभर मातीच हवीय. जास्त नको. मी मेले की माझ्याबरोबर ठेवायची. मारिबेलला सांगेन, माझ्या उजव्या हातात दे. काही नसण्यापेक्षा तेवढं तरी. त्या धुपानं मी हबकलेच गं. वर्षाचा तो दिवस नसताना धूप पेटवतात ही माणसं. रोज दुपारी पेटवत असणार. आणि धूप पेटला की ती येतात. त्याला वाटत असेल, आई बोलावतेय. आणि ते येत असेल त्या रस्त्याखालून, रोज, आणि इथे येऊन बघत असेल तर परकी माणसं, परकी टेबलं, आणि मी नाही. कुणाला विचारणार ते? त्याला बोलता तरी येतं का?

नासारिया : पुरे कर. हात जोडते तुझ्यापुढे, पुरे कर.

दोमितिला : चल, ऊठ. तो येईपर्यंत जिन्याशी जाऊन उभ्या राहू.

नासारिया : जाऊ नकोस खाली.

दोमितिला : का?

नासारिया : पायऱ्या उभ्या आहेत.

दोमितिला : मी अजून छपरावर चढून कपडे वाळत घालते. पायऱ्यांना घाबरते का मी?

नासारिया : मी घाबरते.

दोमितिला : तर तू बस इथे. काठी दे माझी. नासारिया, काठी सोड.

नासारिया : ती माती घेऊ नकोस, वहिनी. ती नुसती माती आहे.

दोमितिला : म्हणजे?

नासारिया : खाली बस. आधी खाली बस, मग सांगते.

(दोमितिला बसते. नासारियाची मूठ काठीवर तशीच आहे.)

दोमितिला : बसले. बोल.

नासारिया : तिथे नव्हतं ते. कधीच नव्हतं.

दोमितिला : काय बोलतेस तू?

नासारिया : बाबांनी फरशी उचलली होती. भर दुपारी. पाद्री मालकांकडे जेवायला गेला होता, मुकादम ओसरीत घोरत होता. मी दाराशी पहारा करत होते, चौदा वर्षांची. हातभर खणलं असेल नसेल, पहार लाकडावर लागली. मालकांच्या कुणाची तरी शवपेटी. बाबा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, हयातभर मी यांच्या पायाशी झोपलो. माझं नातवंड नाही झोपणार. आणि माती लोटून फरशी परत बसवली. घाईत बसवली, म्हणून कोपरा उडाला.

दोमितिला : मग माझं बाळ कुठे आहे?

नासारिया : आपल्या दफनभूमीत. आजीच्या थडग्यात. बाबांच्या आईच्या. तिच्या उशाशी.

दोमितिला : तिथे परवानगी नव्हती.

नासारिया : नव्हतीच. कुणी विचारलं तर सांगायचं की झेंडूची रोपं लावायला आलोय. मेणबत्त्यांच्या खोक्यात रोपं भरून बाबा पुढे चालत होते, खांद्यावर फावडं. खोकं बघून संशय आला असता, म्हणून बाळ माझ्याकडे दिलं. शालीत, छातीशी. जिवंत मूल नेतात तसं. बाजाराच्या कडेनं नेलं. कापड विकणारी एक परगावची बाई वाटेत भेटली, म्हणाली, कुणाचं गं? मी म्हटलं, वहिनीचं. झोपलंय.

दोमितिला : देवा.

नासारिया : तिथे गेल्यावर रोपं काढली आणि खोक्यात ठेवलं. वर माती, त्यावर रोपं. बाबांनी मला शपथ घातली, आजीच्या क्रूसावर हात ठेवायला लावून. कळलं असतं तर पाद्रीनं उकरून बाहेर काढलं असतं, आणि बाबांची घंटाही गेली असती.

दोमितिला : आणि मला का फरशीचं सांगितलं त्यांनी?

नासारिया : तू तापात सारखं एकच म्हणत होतीस, मारियामातेसमोर ठेवा, मारियामातेसमोर ठेवा. त्यांनी तोंडभरून हो म्हटलं होतं. मग तू उठलीस, भिंत धरधरून इथे आलीस, त्या फरशीवर गुडघे टेकलेस, आणि घरी येऊन मक्याची पोळी खाल्लीस. नऊ दिवसांनी पहिल्यांदा. बाबा मला म्हणाले, बघ, जेवली. आता कसं सांगू?

दोमितिला : मामंजी वारले त्याला तीस वर्षं झाली. त्यांच्याबरोबर शपथ नाही पुरली?

नासारिया : पुरली.

दोमितिला : मग?

नासारिया : मग माझी भीती राहिली. अठ्ठावीस वर्षं तुझ्याकडून रिकाम्या फरशीची पूजा करवली, हे कुठल्या तोंडानं सांगणार? आज सांगू, उद्या सांगू करत आणखी तीस गेली. माझं लग्न झालं नाही, भाऊ गेला. तुझ्या घरात राहते, तुझ्या चुलीवर शिजवते. तू म्हणाली असतीस, नीघ, तर जाणार कुठे मी?

दोमितिला : रोज एका चुलीशी बसलीस माझ्याबरोबर.

नासारिया : हो.

दोमितिला : इथल्या कुलपावर हात ठेवून मी रडत परत यायचे, तेव्हा दार उघडायला तूच असायचीस. पाणी गरम करून माझे पाय धुवायचीस. आणि तुला ठाऊक होतं.

नासारिया : ठाऊक होतं म्हणूनच धुवायचे.

दोमितिला : आणि आत्ता? मघापासून मी ट्रकखाली, रस्त्याखाली धावतेय, आणि तू मला फेस खा म्हणत होतीस.

नासारिया : मार मला. इथे सगळ्यांसमोर मार. पण खाली जाऊन त्या बुटवाल्याची माती रुमालात बांधू नकोस.

एवारिस्तो : तिसरा थांबा, मावशी. नंतर आपण तळघर... काय झालं? आचाऱ्यांना बोलावू का?

दोमितिला : नको रे बाबा. तळघर नको आता. ताटं उचल.

एवारिस्तो : काही चाखलंसुद्धा नाही?

नासारिया : तू मनाला लावून घेऊ नकोस. सात थांबे झाले तरी आमचं गाव आलं नसतं. घरी उकडलेल्या शेंगा आहेत.

एवारिस्तो : कुणाला सांगू नका, मावशी. मीही घरी जाऊनच जेवतो.

दोमितिला : तू जा जरा. आम्हाला बसू दे थोडा वेळ.

नासारिया : वहिनी, काहीतरी बोल. घरातून काढणार असशील तर तसं सांग. तू गप्प बसलीस की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दोमितिला : म्हातारीच्या उशाशी म्हणालीस. कुठल्या बाजूला?

नासारिया : डोंगराच्या बाजूला. सकाळचं ऊन येतं तिथे.

दोमितिला : आणि त्याला पाणी कोण देतं? त्या दिवशी?

नासारिया : मी देते. तीस तारखेला तू इकडे यायचीस आणि मी म्हणायचे, गर्दी व्हायच्या आत थडगी झाडून येते. पेला ठेवते, शेजारी दुधाची वाटी. अठ्ठावन्न वर्षांत एकदाच चुकलं, मला टायफॉइड झाला होता तेव्हा.

दोमितिला : म्हणजे रस्त्यावर नाहीये ते.

नासारिया : नाही गं.

दोमितिला : आणि एकटं नाहीये.

नासारिया : आजीपाशी आहे. ती फार सावध झोपायची. पान हललं तरी उठायची.

दोमितिला : नासारिया, तू त्याचं तोंड पाहिलंस?

नासारिया : पाहिलं. खोक्यात ठेवताना फडकं मीच नीट केलं.

दोमितिला : मला कुणी दाखवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, विचारू नये, विचारलं की मागे ओढ लागते. नंतर मलाच भीती वाटायला लागली. मुलगा म्हणाली असतीस तर रोज मुलगा दिसला असता. मुलगी म्हणाली असतीस तर... मुलगा होता का?

नासारिया : मुलगी होती, वहिनी.

दोमितिला : मुलगी.

नासारिया : हो.

दोमितिला : केस होते का गं तिला?

नासारिया : होते. पुष्कळ. वाटेत वारा सुटला होता, म्हणून पोचेपर्यंत मी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.